पावसात विमान उतरताना अपघात झाला तर खरं कारण कसं काढतात?

टिळकवाडीकर: काल बेळगावच्या सांबरा विमानतळावर येताना विमान ढगातनं पार खाली आलं आणि परत वर उचललं, शेजारच्या काकू रामरक्षा म्हणायला लागल्या, तेव्हापासनं डोक्यात हेच चाललंय. असल्या हवेत काही झालं तर तपासात पावसावरच खापर फोडतात काय?

खानापूरवाला: नाही हो. केरळातल्या कोझिकोडच्या विमान अपघाताचं बघा की, ७ ऑगस्ट २०२०, २१ माणसं गेली. पाऊस होता, मागनं वारा होता, कॅप्टनच्या बाजूचा वायपर उतरायच्या पहिल्या प्रयत्नातच बंद पडलेला, पण एएआयबीच्या (विमान अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) अहवालात संभाव्य कारण काय, तर अप्रोच, म्हणजे रनवेकडं खाली येणं, स्थिर नसताना तसाच रेटला, चाकं टेकली ती निम्म्या रनवेवर, को-पायलटनं गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर चला, म्हटलं तरी उतरलेच. हे सगळं ब्लॅक बॉक्समधनं, एकात कॉकपिटमधलं बोलणं, दुसऱ्यात वेग उंची वगैरे, दोन्ही सेकंदाला सेकंद जुळवून बघतात.

निपाणीकर: नुसतं पायलटवर ढकलू नका राव, त्याच अहवालात एकूण व्यवस्थेतल्या त्रुटीपण मांडल्यात, ते कोण वाचत नाही. आणि टिळकवाडीकर, तुमच्या पायलटनं वर उचललं ते बेस्टच केलं, त्यात घाबरायचं काय?