आईला एकटीला मेलबर्नहून पुण्याला पाठवायचंय, सिंगापूरमार्गे की दिल्ली डायरेक्ट?

टार्नेटचा_पेठकर:
मंडळी, सल्ला हवाय. आई सहा महिने आमच्याकडे होती, आता जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात परत पुण्याला जातेय आणि पहिल्यांदाच एकटी. येताना बायको सोबत होती. वय ७२, तब्येत ठणठणीत पण गुडघे बोलतात. इंग्रजी वाचता येतं, पण इथले लोक भराभर बोलायला लागले की ती नुसती हसून मान हलवते, मग समोरच्याला वाटतं हिला सगळं कळलं. दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, एअर इंडियाचं मेलबर्न-दिल्ली थेट आणि पुढे दिल्ली-पुणे. दुसरा, सिंगापूर एअरलाइन्सने सिंगापूरमार्गे मुंबई आणि तिथून मेहुणा गाडी घेऊन येईल. दुसरा दीडशे डॉलरने महाग पडतोय पण पैशाचं राहू दे. बायको म्हणते थेट बरं, एकदा बसवलं की झालं. मला ठरवता येत नाहीये. कोणी एकट्या आईवडिलांना पाठवलंय का, खरा अनुभव सांगा.

गोदाकाठ:
पाठवलंय, दोनदा. वहिनींचं "एकदा बसवलं की झालं" हे दिल्लीपर्यंतच खरंय. भारतात ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथेच इमिग्रेशन, तिथेच पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर पडायचं आणि मग पुढच्या देशांतर्गत विमानासाठी त्याच बॅगा परत द्यायच्या, परत सिक्युरिटी. बॅगेवर पुण्याचा टॅग असला तरी पट्ट्यावरून उतरवायच्या तिनेच. म्हणजे १२-१३ तास बसून सुजलेल्या पायांनी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा ७२ वर्षांची बाई ओढणार का? सिंगापूरला उलट आहे, एकाच तिकिटावर असेल तर बॅगा मेलबर्नला दिल्या की थेट मुंबईत दिसतात. तिथे इमिग्रेशन ओलांडायचंच नाही त्यामुळे सिंगापूरचा व्हिसाही नको. बॅगा उचलायच्या एकदाच, आणि त्या दाराबाहेर मेहुणा उभा. माझं मत सिंगापूरलाच.

कॉफी_आणि_चकली:
थोडा विरोध. माझे बाबा दिल्लीमार्गे गेले आणि खूश होते. विमानात हिंदी बोलणारी माणसं, शेजारी पंजाबी आजोबा भेटले, दोघांनी अख्खा प्रवास क्रिकेटवर काढला. बॅगा पोर्टरने उचलल्या. पण ते गेले होते ऑक्टोबरात. तुम्ही जानेवारी म्हणताय, तेव्हा दिल्लीत धुकं. पहाटेच्या विमानांचे हाल असतात, आणि पुढचं पुण्याचं लटकलं तर आई एकटी टर्मिनलवर बसणार. त्या एका कारणासाठी मीही या वेळी नाही म्हणेन.

निळी_छत्री:
दुबई-दोहा सुचवायला कोणीतरी येईलच म्हणून आधीच सांगते, नको. मेलबर्नहून तिथे चौदा तासांच्या आसपास, मग तीन-साडेतीन तास उलटं मुंबईला. आपलं घर मागे टाकून पुढे जायचं आणि परत यायचं, शुद्ध द्राविडी प्राणायाम. युरोपला जायचं असेल तर ती विमानं झकास, मुंबईसाठी कशाला. शिवाय २०२५ च्या जूनमध्ये आखातातलं आकाश अचानक बंद झालं होतं तेव्हा आमच्या ओळखीतले लोक मधेच अडकले. एकट्या म्हाताऱ्या माणसाला तो ताप नको.

सिडनीकर असाल तर क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीचं सिडनी-बंगळुरू थेट आहे, २०२२ च्या सप्टेंबरात सुरू झालं. पण बॅगांची भानगड तिथेही तीच.

स्वानरिव्हर_जोशी:
आम्ही पर्थवाले लांबून मजा बघतो. भारताच्या वेळेपेक्षा फक्त अडीच तास पुढे, त्यामुळे जेटलॅग म्हणजे काय ते तुम्ही पूर्वेकडच्यांनीच सांगावं.

अवांतर: थेट विमान म्हणजे कायम थेटच असं नसतं हं. आमचं पर्थ-लंडन २०१८ च्या मार्चमध्ये सुरू झालं, साडेचौदा हजार किलोमीटर, सतरा तास, केवढं कौतुक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इराणचं आकाश टाळायचं ठरलं तेव्हा जाताना ते सिंगापूरला थांबायला लागलं, कारण वळसा वाढला आणि पश्चिमेकडे जाताना वारा समोरून, तेवढं इंधन पुरेना. येताना मात्र वारा पाठीशी, त्यामुळे लंडन-पर्थ थेटच होतं. आणि १९४७ च्या डिसेंबरात क्वांटासने सिडनी-लंडन सुरू केलं तेव्हा चार दिवस लागायचे आणि वाटेत चक्क कलकत्ता होतं! म्हणजे तेव्हा तुमच्या आईला कलकत्त्याला उतरवून हावडा-मुंबई मेलमध्ये बसवता आलं असतं. असो, धागा भरकटवला, सॉरी.

दोन_तिकिटं_एक_मूर्ख:
माझी चूक करू नका एवढंच सांगायला आलोय. स्वस्त पडतं म्हणून मी सासूबाईंची दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती, मेलबर्न ते आग्नेय आशियातलं एक शहर एका कंपनीचं, पुढे मुंबई दुसऱ्याच कंपनीचं. कंपन्यांची नावं जाऊ देत. पहिलं विमान अडीच तास उशिरा पोचलं, दुसऱ्या कंपनीचा काउंटर बंद झालेला, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच होतं की तुमच्या पहिल्या तिकिटाशी आमचा काय संबंध. बॅगा घ्यायला देशात शिरायला लागणार होतं, भारतीय पासपोर्टवर व्हिसा नाही. रात्रभर बाई खुर्चीत. मी इथे टुलामरीनहून, म्हणजे मेलबर्नच्या विमानतळावरून, घरी येऊन निवांत झोपलो होतो. नवं तिकीट काढायला लागलं, वाचवलेल्या पैशाच्या दुप्पट गेले, आणि सासूबाई अजूनही लग्नकार्यात ती गोष्ट रंगवून सांगतात. तेव्हा एकच तिकीट, एकच पीएनआर. सिंगापूरला मधे निदान तीन तास ठेवा, सव्वा तासाचं कनेक्शन दिसलं तरी घेऊ नका.

टार्नेटचा_पेठकर:
सगळ्यांचे आभार. धुक्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. सिंगापूर-पुणे थेट असतं ना कधीकधी? तसं असेल तर मुंबईच नको.

गोदाकाठ:
विस्ताराने २०२२ च्या डिसेंबरात सुरू केलं होतं, २०२४ च्या नोव्हेंबरात विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, आणि नंतर मधे काही काळ ते बंदही होतं. तारखेला आहे का ते आधी बघा, असलं तरी दोन्ही विमानं एका तिकिटावर मिळतायत का तेही बघा. नाहीतर मुंबईच बरी. एक्स्प्रेसवेने मेहुणा तीन-चार तासांत घरी नेईल, वाटेत लोणावळ्याला चहा, वडापाव. सहा महिन्यांनी परत येणाऱ्या माणसाला तो वडापाव फार महत्त्वाचा असतो.

टार्नेटचा_पेठकर:
आता खरी अडचण. आई व्हीलचेअरला तयार नाहीये. "मी काय आजारी आहे का, लोक काय म्हणतील."

निळी_छत्री:
हे प्रत्येक घरात होतं हो. माझ्या आईला मी सांगितलं की खुर्ची गुडघ्यांसाठी नाहीच, वाट दाखवणारा माणूस फुकट मिळतो म्हणून घ्यायची. चांगीत, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला ट्रेन आहे, पाट्या वाचत बसण्यापेक्षा ते बरं की नाही? मग तयार झाली.

बुक करताना एक बघा, व्हीलचेअरचे प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांबचं चालवत नाही पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही नको. गुडघ्यांचा त्रास असेल तर दुसरा सांगा, नाहीतर विमान लांब उभं असलं की शिडीच्या पायथ्याशी खुर्ची थांबते आणि वर स्वतः चढा. आणि चांगीत सामानाची तपासणी गेटपाशी होते, तिथे पाण्याची भरलेली बाटली टाकून देतात. माझ्या आईने हातातल्या पिशवीत मधाची बाटली ठेवली होती, ती तर मेलबर्नलाच गेली. शंभर मिलीच्या वरचं काही पातळ हातात नको, मध-लोणचं सगळं मोठ्या बॅगेत. गोळ्या मात्र हातातच, चिठ्ठीसकट.

अजून एक, वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात मराठीत आणि खाली इंग्रजीत लिहून पर्समध्ये ठेवा: मुंबईला जायचंय, व्हीलचेअर सांगितलीय, हळू बोला, मुलाचा आणि जावयाचा नंबर. फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही.

टार्नेटचा_पेठकर:
झालं बुकिंग. सिंगापूरमार्गे मुंबई, मधे साडेतीन तास, जिना नको वाली खुर्ची. वाट दाखवणारा माणूस ही युक्ती लागू पडली. आईची एकच अट आहे, खुर्चीत बसेन पण पर्स माझ्या मांडीवर राहील, त्या माणसाच्या हातात देणार नाही. आत्ता ती कागद परत लिहून काढतेय, माझं अक्षर तिला पसंत नाही.