'झपाटलेला' हा भयपटच आहे! (भयपट नेमका कशाला म्हणायचा?)

चिंचेखाली:
परवा सात वर्षांच्या पुतण्यासोबत 'झपाटलेला' पाहिला. बाहुला आपणहून बोलायला लागला तसा तो उशीमागे गेला आणि रात्रभर आईच्या कुशीतून हलला नाही. मला माझेच दिवस आठवले. शोकेसमधली बाहुली रात्री कपाटात ठेवून कडी लावल्याशिवाय मी झोपत नसे. आणि तरी इतकी वर्षं आपण हा सिनेमा विनोदी म्हणूनच ओळखतो. माझ्या मते १९९३चा 'झपाटलेला' हा भयपट आहे. विनोद त्यात भरपूर आहे, पण म्हणून जात बदलत नाही.

बहुतेक सिनेमांचा प्रकार पडद्यावर काय आहे यावरून ठरतो. युद्धपटात युद्ध असतं, पौराणिकात पुराणातली गोष्ट असते. भयपटाचं नाव मात्र बघणाऱ्याला काय होतं यावरून पडलंय. मग जो घाबरवतो तो भयपट, इतकं साधं आहे. १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी सिनेमात मरायला टेकलेला खुनी मंत्राने आपला जीव बाहुल्यात घालतो आणि मग त्याला माणसाचं शरीर हवं असतं. 'झपाटलेला'तल्या बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूचीही गोष्ट हीच. तिकडच्या सिनेमाला सगळे भयपट म्हणतात आणि आपल्या सिनेमाला विनोदी. का, तर लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे) आहे म्हणून?

कातरवेळ:
हो, लक्ष्या आहे म्हणूनच! लक्ष्मीकांत बेर्डे दिसले की थिएटरातला प्रत्येक माणूस सैल होऊन बसतो. त्या माणसाचं काही वाईट होणार नाही याची आतून खात्री असते. भयपट सगळ्यात आधी तीच खात्री काढून घेतो. तुम्ही सांगितलेल्या अमेरिकी सिनेमात सहा वर्षांचं पोर सांगत असतं की बाहुला जिवंत आहे आणि मोठी माणसं ऐकत नाहीत. तिथे आपला जीव तुटतो. इथे लक्ष्या तेच सांगतो, त्याचंही कोणाला पटत नाही, आणि आपण त्याच्या तारांबळीवर पोट धरून हसतो. पीठ एकच असलं तरी पोळी वेगळी आणि शंकरपाळी वेगळी.

शिवाय लहान मूल घाबरलं हे माप धरू नका. मुलं टीव्हीवरच्या राक्षसांनाही घाबरतात, म्हणून पौराणिक सिनेमे भयपट होत नाहीत.

रानवाट:
माझी व्याख्या सोपी आहे. भूत, आत्मा, करणी यांतलं काही खरं असायला हवं. नसेल तर तो रहस्यपट किंवा थरारपट. या हिशेबाने 'झपाटलेला' बसतो. चिंचेखालींना अनुमोदन.

सांजवात:
रानवाट, मग 'सायको'चं (१९६०) काय करायचं? त्यात भूत नाही, करणी नाही. उलट 'भूताचा भाऊ' या विनोदी सिनेमात भूत आहे, तो तुमच्या यादीत येणार का? वाडा, अंधार, पांढरी साडी हेही लक्षण नाही. राम गोपाल वर्माने २००३च्या 'भूत'मध्ये मुंबईतल्या इमारतीत एक चांगला उजेडाचा फ्लॅट घेतला, गाणी काढून टाकली, आणि लिफ्टची भीती वाटायला लावली.

मी शाळेत संस्कृत शिकवते, म्हणून आपल्याकडच्या जुन्या विचाराबद्दल थोडं लिहिते. भरतमुनीच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, भय सांगितलाय आणि ते कशाने जागं होतं तेही दिलंय: विकृत आवाज, कोल्हे आणि घुबडं, ओसाड घर, अरण्य. म्हणजे भयपटाची सामग्री भरताने फार पूर्वी नोंदवून ठेवली आहे. पण सामग्री असली की तो रस झाला, असं तिथे म्हटलेलं नाही. एका नाटकात अनेक रस येतात, त्यांतला प्रमुख तो अंगी रस आणि बाकीचे त्याच्या सेवेला. कृतीचा प्रकार अंगी रसावरून ठरवायचा.

आणि या वादात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: हास्य हे शृंगाराच्या अनुकृतीतून येतं, असं भरत सांगतो. नाट्यशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने ते पुढे नेलं. कुठल्याही रसाचा नुसता आभास झाला तरी हास्य निर्माण होतं, असं त्याचं म्हणणं. 'झपाटलेला' मला तसा वाटतो. भयानकाची नक्कल, आणि म्हणून हास्य. कातरवेळ यांच्या बाजूने माझं मत.

चिंचेखाली:
सांजवातताई, आभासाचा मुद्दा जबरदस्त आहे, दिवसभर डोक्यात घोळत होता. तरी एक विचारतो. नक्कल कशाची चाललीय? तो बाहुला शब्दभ्रमकार (बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे) रामदास पाध्यांनी घडवलेला आहे. त्यांच्या वडिलांच्या अर्धवटराव या बाहुल्यापासून मराठी घरांनी शब्दभ्रमाच्या खेळावर प्रेम केलंय. त्या खेळाचा करार असा की बोलणारा माणूस असतो, बाहुला नुसतं तोंड हलवतो, आणि हे माहीत असल्यामुळे आपण निर्धास्त हसतो. लक्ष्याही त्याच खेळाच्या नादी लागलेला. दिग्दर्शक महेश कोठाऱ्यांनी नेमका तो करार मोडला. आत हात नाही आणि तरी बाहुला बोलतोय, तोही दिलीप प्रभावळकरांच्या त्या खरखरीत आवाजात. आपल्या हसण्याच्या जागेतच त्यांनी भीती आणून बसवली. याला नक्कल कशी म्हणायची?

उसाचा_फड:
मी शेतकरी माणूस, रस वगैरे ताईंना जास्त कळतं. पण 'लपाछपी' बघितल्यावर माझं काय झालं ते सांगतो.

विशाल फुरियांचा हा सिनेमा २०१७ला थिएटरात आला. पूजा सावंतचं पात्र गरोदर असतं आणि नवऱ्याबरोबर उसातल्या एका घरात येऊन राहतं. आमचाही ऊसच आहे. वाढलेल्या फडात शिरलं की चार सऱ्यांपलीकडचं दिसत नाही, वारा नसला तरी पाचट कुठेतरी वाजतं, पातीने हात कापले जातात. लहानपणापासून मी त्यात वावरलोय. सिनेमा बघितल्यानंतर आठवडाभर मी भरदुपारी, उन्हात, पाणी द्यायला एकटा गेलो नाही.

भुतांचं मला फार वाटलं नाही. त्या सिनेमात पोरींना जन्माआधी आणि जन्मल्यावर मारतात, आणि मारणारी घरातलीच माणसं. भूत गेलं तरी ती माणसं गावात राहणार, आणि असली गावं मी पाहिलीत. माझ्या मते भयपट तो, ज्याच्यातली भीती सिनेमा संपल्यावर फिटत नाही. तात्या विंचूच्या दोन भुवयांच्या मध्ये गोळी बसली की हिशेब मिटतो, माणसं हसत घरी जातात. म्हणून तो सिनेमा कितीही आवडता असला तरी मी त्याला भयपट म्हणणार नाही.

रानवाट:
हिशेब कुठे मिटला दादा, २०१३ला 'झपाटलेला २'मध्ये तात्या परत आला की. पण पाचटाचं वाचून काटा आला. माझी भुताची अट मागे घेतो.

तिसरी_घंटा:
सगळे सिनेमाच्या आत बघताय. मला वाटतं प्रकार बाहेर ठरतो, आणि भयपटाच्या बाबतीत तो अन्यायाने ठरतो. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'ला पाच मुख्य ऑस्कर मिळाली आणि लोक त्याला थरारपट म्हणायला लागले. २०१७च्या 'गेट आउट'ला गोल्डन ग्लोबने विनोदी-संगीतपटाच्या गटात नामांकन दिलं. 'तुंबाड' आवडलेले माझे दोन मित्र मला आवर्जून सांगतात की तो भयपट नाही, ती लोभाची रूपककथा आहे. चांगला निघाला की भयपटाकडून काढून घ्यायचा! लोभाची गोष्ट भीतीतून सांगितली म्हणून तर ती अंगावर आली. एवढ्यासाठी मी चिंचेखालींच्या बाजूने आहे, 'झपाटलेला' पुरता नव्हे.

कातरवेळ:
तिसरी घंटा, हे शंभर टक्के पटलं. पण ज्याने त्याने आपल्या आवडत्या सिनेमाला भयपट म्हणणं हा त्यावरचा उपाय नाही. चिंचेखाली, एक करून बघा. बाहुल्याचे प्रसंग आवाज बंद करून लावा. भयपटाचा निम्मा जीव आवाजात असतो. आवाज काढल्यावर काय उरतं ते सांगा.

चिंचेखाली:
केलं. लक्ष्याचे प्रसंग आवाज नसतानाही हसवतात, कारण तो माणूस अंगभर अभिनय करतो. बाहुला मात्र आवाजाविना लाकडासारखा दिसला, हे प्रामाणिकपणे मान्य. म्हणजे भीती बरीचशी प्रभावळकरांच्या आवाजात होती. सांजवातताईंच्या भाषेत सांगायचं तर अंगी रस हास्यच, हेही आता मानतो. पण पुतण्या शेजारी बसून बघत होता. मुक्या बाहुल्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "काका, आत्ता याच्या आत कोणाचा हात आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

कातरवेळ:
"पाध्यांचा" असं सांगा त्याला, आणि बोलक्या बाहुल्यांचा खेळ दाखवायला घेऊन जा. सिनेमा विनोदीच आहे, माझं मत बदललेलं नाही. फक्त शोकेसमधली बाहुली आज मीही कपाटात ठेवली.