'रेव्हिझॉर'मध्ये आजची नावं घालावीत का?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात आमचं हौशी नाट्यमंडळ आहे. दोघे बँकेत, एक मेडिकलवाला, तीन मास्तर, आणि दिग्दर्शक मी, कारण दुसरं कुणी तयार होत नाही. यंदा रशियन लेखक गोगोलचं 'रेव्हिझॉर' (म्हणजे तपासनीस) करायचं ठरवलंय. पु.लं.चं 'अंमलदार' त्यावरच बेतलेलं आहे, पण आम्हाला ते मूळ रशियातच, १८३६ च्या सुमाराला ठेवायचंय. समोवार (रशियन चहाचं भांडं) म्हणून लग्नातला चहाचा थर्मास रंगवला आहे. हसू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आडगावात बातमी येते की राजधानीतून गुप्तपणे तपासनीस येतोय. खानावळीत एक फुकट्या तरुण बिल थकवून पडलेला असतो, ख्लेस्ताकोव्ह. सगळे त्यालाच तपासनीस समजतात.

आता भांडण. गावच्या मुख्य अंमलदाराचं काम करणारा आमचा बँकवाला म्हणतो, यात आजचं काहीतरी घाला. आमदारांची नावं घाला, योजनेचं नाव घाला, 'खोके' घाला, टाळी पक्की. अर्धं मंडळ त्याच्या बाजूने आहे.

माझं मन होत नाही. पहिल्या वाचनाला काय झालं सांगतो. अंमलदार हुकूम सोडतो की मोच्याशेजारचं जुनं कुंपण पाडा आणि तिथे एक काठी रोवा, म्हणजे काहीतरी आखणी चाललीय असं दिसेल. जितकी पाडापाडी जास्त तितका कारभारी कामाचा. आणि लगेच कपाळावर हात मारतो, कारण त्या कुंपणामागे चाळीस गाड्या कचरा पडलेला असतो! यावर आमचे तिन्ही मास्तर खो-खो हसत सुटले. आमच्याच रस्त्यावर उन्हाळ्यात एक कंपाउंड असंच पाडलंय, आणि तिथे अजून फक्त चुन्याची रेघ आहे. मी संहितेत एक अक्षर बदललेलं नव्हतं.

तर, घालावीत का नावं?

जावक_बारनिशी

घंटाराव, अजिबात नको. चौतीस वर्षं सरकारी टेबलावर काढली, त्या अधिकारानं बोलतो.

या नाटकात तपासणीआधीचा जो पहिला प्रवेश आहे तो मी निदान वीस वेळा जगलोय. 'वरून पथक येतंय' असा फोन आला की झाडांच्या बुंध्यांना गेरू, आवारातल्या दगडांना चुना आणि हजेरीपटावर एकाच पेनाने महिनाभराच्या सह्या. गोगोलचा अंमलदार इस्पितळवाल्याला सांगतो की रोग्यांना स्वच्छ टोप्या घाला, प्रत्येक खाटेवर लॅटिनमध्ये रोगाची पाटी लावा, आणि रोगी जरा कमी दिसले तर बरं. हे वाचताना मी पुस्तक बंद करून दोन मिनिटं बसलो होतो.

नाटकातल्या कोर्टाच्या ओसरीत शिपायांनी बदकं पाळलेली आहेत. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये शिपायाच्या कोंबड्या होत्या. तपासणीच्या आदल्या रात्री मी स्वतः एक कोंबडी काखेत धरून जुन्या फेरफारांच्या गठ्ठ्यामागून दुसरीला काढत होतो. पथक आलं ते चार दिवसांनी. दरम्यान एका टाय लावलेल्या गृहस्थांना आम्ही पोहे, चहा, परत चहा दिला, साहेबांनी स्वतःची खुर्ची दिली. ते झेरॉक्स मशीन दुरुस्तीला आले होते.

आता एक कळकळीची सूचना. ख्लेस्ताकोव्हला भामटा करू नका, सगळे हौशी तीच चूक करतात. तो लाच मागतच नाही, उसने मागतो. न्यायाधीशाकडून तीनशे, पोस्टमास्तरकडून तीनशे. बोब्चिन्स्की आणि दोब्चिन्स्की या दोन जमीनदारांकडे तर हजार मागतो आणि दोघांचे खिसे उपसून निघतात पासष्ट रूबल, तेही घेतो! रशियाच्या नोकरीच्या उतरंडीत चौदा पायऱ्या होत्या, हा चौदाव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरचा. आमच्यातलाच, कारकून. त्याला मोठा करतात ते बाकीचे, स्वतःच्या भीतीने. आमदाराचं नाव घातलंत की प्रेक्षक त्या आमदाराला हसून घरी जातील. मग कोंबडीवाला मी सुटलो.

खवचट

सगळं खरं, पण उपयोग काय? पहिल्या प्रयोगाला खुद्द झार निकोलाय आला होता, पोट धरून हसला आणि गाडीत बसून राजवाड्यावर गेला. लाच थांबली? उपहास म्हणजे कुकरची शिट्टी. वाफ जाते आणि डाळ शिजायची तशी शिजते. नावं घाला, निदान कुणाला तरी झोंबेल.

समोवार

खवचटराव, झार नसता तर बहुधा नाटकच झालं नसतं. सेन्सॉरच्या तावडीतून ते त्याच्याच मर्जीने सुटलं. जाताना तो म्हणाला असं सांगतात की सगळ्यांना मिळाला वाटा, मला सर्वांत जास्त. झोंबण्याचं म्हणाल तर गोगोललाच इतकं झोंबलं की काही आठवड्यांत तो देश सोडून गेला. लोक नाटकाला नुसतं प्रहसन समजून हसले, हे त्याला पचलं नाही. पुढे १८४२ च्या आवृत्तीत त्याने वर एक रशियन म्हण छापली: तोंड वाकडं असेल तर आरशाला बोल लावू नये.

पुण्यात रशियन शिकताना आम्हाला हे नाटक वर्षभर होतं. त्यात फटके खाल्लेली एक विधवा तक्रार घेऊन येते, आणि अंमलदार म्हणतो, खोटं आहे, तिने स्वतःच स्वतःला फटके मारले. ही बाई आज रशियनमध्ये वाक्प्रचार होऊन बसली आहे. कोठडीतल्या जखमांचा खुलासा वाचताना मला ती हटकून आठवते, आणि तिच्यासाठी नवं नाव शोधावं लागत नाही.

पण घंटाराव, एक बदल जरूर करा. पात्रांची नावं नुसती उच्चारू नका, त्यांत अर्थ आहे. न्यायाधीश ल्यापकिन-त्यापकिन. रशियनमध्ये 'त्याप-ल्याप' म्हणजे कसंबसं उरकलेलं. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे. न्यायमूर्ती थातूरमातूर! प्रेक्षकांना लगेच कळेल आणि कुणाची बदनामीही नाही.

आणि बोब्चिन्स्कीचं मागणं कापू नका. सगळे पैसे चारत असताना हा बिचारा एवढंच म्हणतो की राजधानीत गेलात की मोठमोठ्या लोकांना, जमलं तर बादशहालाही सांगा, अमुक गावात प्योत्र इवानोविच बोब्चिन्स्की राहतो. बस्स, राहतो एवढंच. आपल्याकडे हे फ्लेक्सवर छापतात.

तिसरी_घंटा

सर्वांचे आभार. काल मंडळात धागा मोठ्याने वाचून दाखवला. कोंबडीला सगळ्यात जास्त दाद मिळाली, बारनिशीकाका. 'थातूरमातूर' मंजूर, 'खोके' बाद. बँकवाला रुसलाय, येईल.

शेवटचं मूकदृश्य मात्र जीव खातंय. खरा तपासनीस आल्याची वर्दी येते आणि सगळे दगड होतात; गोगोलने जवळजवळ दीड मिनिट म्हटलंय. मोबाईलवर वेळ लावून केलं. चाळीस सेकंदांवर मेडिकलवाला शिंकला, दुसऱ्यांदा पासष्टवर मास्तरांचा पाय गेला.

समोवार

रशियन दिग्दर्शक मेयरहोल्डने १९२६ साली तिथे सरळ पुतळे उभे केले होते, नटांच्या मापाचे. कापडाच्या दुकानात चौकशी करा :)

तिसरी_घंटा

दुकानदार चुलतभाऊच आहे, पण साडीचे पुतळे देतो म्हणतो!

प्रयोगाची तारीख कळवणार होतो, पण अजून हॉल मिळालेला नाही. परवानगीचा अर्ज तीन आठवडे पडून आहे. आज परत विचारायला गेलो तर म्हणाले, सोमवारनंतर या, वरून पथक येतंय. बाहेर शिपाई अशोकाच्या झाडांना गेरू लावत होता. मी त्याला विचारलं, कोण येतंय? म्हणाला, ते कुणालाच माहीत नाही.