व्यायामात जाळलेल्या कॅलरी परत खाव्यात का?

सावकाश:
मनगटावरचं घड्याळ म्हणतं, आज ४२० कॅलरी जळल्या. मग त्या ४२० जेवणात वाढवून घ्यायच्या का? माझं मत: नाही. पटलं नाही तर खुशाल खोडून काढा, पण कारणं ऐका.

मागच्या वर्षी सहा महिने मी फक्त चाललो. आठवड्याला पाच दिवस, ४५ मिनिटं, चांगलं झपाझप. जेवण 'नेहमीचंच' आहे अशी माझी समजूत होती. वजन उतरलं १ किलो. यंदा जेवणातून रोज साधारण ३५० कॅलरी कमी केल्या. चालणं तेवढंच ठेवलं, पण चाललो म्हणून एक घासही जास्त घेतला नाही. १६ आठवड्यांत ६ किलो गेले.

हिशेब साधा आहे. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. ८० किलोचा माणूस साडेचार किलोमीटर चालला, तर नुसतं बसून राहण्यापेक्षा त्याच्या जेमतेम १८० कॅलरी जास्त जातात. २० ग्रॅम तेलात तेवढ्याच असतात आणि ते ओतायला दोन सेकंद लागतात.

आणि घड्याळावर विसंबू नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मनगटावरची सात उपकरणं तपासली गेली. नाडीचे ठोके बहुतेकांनी नीट मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. अशा आकड्यावर जेवण ठरवायचं?

घामाचं मोल:
असहमत, आणि हे अनुभवाने सांगते. मी तुमच्याच वाटेने गेले होते, फक्त जास्त कडक. दिवसाला ११०० कॅलरी, व्यायाम जवळपास शून्य. नऊ महिन्यांत १४ किलो गेले. कौतुक झालं. पण दोन मजले चढताना मांड्या भरून यायच्या, थंडी वाजायची, चिडचिड व्हायची. पुढच्या वर्षभरात ११ किलो परत आले. आता आठवड्याला तीन दिवस वजनं उचलते, दोन दिवस पळते आणि पळण्याच्या अंदाजे निम्म्या कॅलरी परत खाते. दोन वर्षं काटा ६६ ते ६८ मध्ये आहे.

वजन उतरवणं हा अर्धाच प्रश्न आहे. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची. त्यातली माणसं सरासरी रोज तासभर हालचाल करतात. वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यासही २०१६ मध्ये आला. सहा वर्षांनंतर त्यांचं शरीर विश्रांतीच्या वेळी, अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. आणि त्यांच्यातही वजन ज्यांनी जास्त टिकवलं, त्यांनीच हालचाल जास्त वाढवली होती.

आकडेमोड:
नोंदवहीत माणसं आपणहून नाव घालतात, त्यामुळे व्यायामानेच वजन टिकलं हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय ती माणसं खातातही बेतानेच.

माझं मत सावकाश यांच्याही पुढे जातं. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांनी २०१२ मध्ये टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजून प्रसिद्ध केला. शिकार, कंदमुळं खणणं, दिवसभर पायपीट असं त्यांचं आयुष्य. तरीही शरीराचा आकार लक्षात घेतला, तर त्यांचा एकूण खर्च खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्य लोकांइतकाच निघाला. शरीर एकीकडे जास्त खर्च करतं आणि दुसरीकडे हात आखडता घेतं. व्यायाम हृदयासाठी करा, झोपेसाठी करा. वजनासाठी ताटाकडे बघा.

घामाचं मोल:
हात आखडता घेतं म्हणजे सगळंच परत घेतं असं नाही! २००० सालचा संशोधक रॉस यांचा प्रयोग बघा. लठ्ठ पुरुषांच्या एका गटाने खाणं तेच ठेवून रोज ७०० कॅलरींचा व्यायाम केला, दुसऱ्या गटाने तेवढंच खाणं कमी केलं. तीन महिन्यांत दोन्ही गटांचं वजन सारखंच, सुमारे साडेसात किलो उतरलं.

सावकाश:
हा प्रयोग मान्य. पण रोज ७०० कॅलरी म्हणजे सुमारे तासभर दमवणारा व्यायाम, एकही दिवस न चुकवता. नोकरी, घर, दुखरे गुडघे सांभाळून हे किती जणांना जमेल? आणि त्या लोकांना खाणं वाढू न देण्याची ताकीद होती. माझ्यासारखा माणूस चालून आला की नकळत जास्त वाढून घेतो. मागच्या वर्षी माझं तेच झालं असणार.

उंबरठा:
तुम्ही सगळे ज्या भाषेत बोलताय तिची मला भीती वाटते. 'कमावलं', 'परत खाल्लं', 'फेडलं'. एकोणिसाव्या वर्षी मी याच भाषेत जगत होते. एक बिस्कीट म्हणजे वीस मिनिटं दोरी. पुढे खाण्याच्या आजारावर दोन वर्षं उपचार घ्यावे लागले. मोजमाप चुकीचं आहे असं म्हणत नाही, पण ते प्रत्येकाच्या हातात देण्यासारखं नाही. जेवण चुकलं की व्यायामाने त्याची शिक्षा, हे ज्याच्या डोक्यात सुरू झालंय त्याने आकडे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोलावं. मला उपयोग झाला तो जेवणाच्या ठरलेल्या वेळांचा, दर जेवणात पुरेशा प्रथिनांचा आणि पुऱ्या झोपेचा. वजन उतरलं, फार हळू.

पहाटफेरी:
मधेच विचारते. माझं वजन ५८ किलो, शर्यतीच्या तयारीसाठी आठवड्याला पाच दिवस १० किलोमीटर पळते, दोन किलो कमी करायचेत. मीही काहीच परत खायचं नाही का? दोन महिने पाळी आलेली नाही.

सावकाश:
नाही, नाही. तुमच्यासाठी माझा नियम चुकीचा आहे, हे स्पष्ट सांगतो. पळताना किलोमीटरमागे वजनाच्या दर किलोला साधारण एक कॅलरी जाते. म्हणजे एका पळण्यात तुमच्या ५८० च्या आसपास जातात. एवढं पळून खाणं तुटपुंजं राहिलं तर पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, हे पळणाऱ्यांमध्ये माहीत असलेलं दुखणं आहे. वजन कमी करणं आजच थांबवा, नीट खा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

वर 'नाही' असं सरसकट लिहायला नको होतं. रोज पाऊण तास चालणाऱ्याने परत खाऊ नये, यावर मी ठाम आहे. तासन् तास पळणाऱ्याने, सायकल मारणाऱ्याने खायलाच हवं. उंबरठा, तुमचा मुद्दाही मी विचारात घेतला नव्हता.

आकडेमोड:
सावकाश, एक विचारू? १६ आठवडे वजन सारख्या वेगाने उतरलं का?

सावकाश:
नाही. पहिल्या आठवड्यातच १.३ किलो गेले, पण त्यात बरंचसं पाणी होतं. शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, खाणं कमी केलं की आधी ते जातं. शेवटच्या चार आठवड्यांत मात्र जेमतेम ९०० ग्रॅम. खाणं तेच, चालणं तेच. वजन घटलं तशी शरीराची गरजही घटली आणि चालण्यात जाणाऱ्या कॅलरीही. शिवाय दिवसभराचं उठणं-फिरणं नकळत कमी झालं असावं, संध्याकाळी मी नुसता पडून असायचो. रोज वजन करून सात दिवसांची सरासरी काढतो म्हणून हे दिसलं. एका दिवसाच्या काट्यावर गेलो असतो तर कधीच सोडून दिलं असतं.

घामाचं मोल:
हाच तर माझा मुद्दा! आता आणखी १५० कॅलरी कापणार? मग आणखी? एक दिवस तुम्ही माझ्या ११०० ला येऊन पोहोचाल. त्या सहा किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. चालण्याने मांड्या थोड्या वाचतील, खांदे-पाठ नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या हालचालीसोबत दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. तुमच्या अख्ख्या हिशेबात तो कुठेच नाही.

सावकाश:
नाही, खरंच नाही. खाणं आणखी कापणार नाही. महिनाभर आहे तेवढंच ठेवतो आणि सोमवारपासून दोन दिवस वजनं उचलतो. पण त्या दोन दिवसांच्या कॅलरी परत खाणार नाही, एवढं मात्र माझं तेच.

घामाचं मोल:
प्रथिनं तरी वाढवा. बाकीचं महिन्याने बोलू. कंबरेचं माप आजच लिहून ठेवा.