सॅव्हानाला घोस्ट वॉक करायचाय. सोबत आईबाबा आणि नऊ वर्षांची लेक. कोणता घ्यावा?

रानजाई

नमस्कार मंडळी. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही अटलांटाहून सॅव्हानाला जातोय, दोन रात्री मुक्काम आहे. सोबत आईबाबा (सप्टेंबरात पुण्याहून आलेत) आणि लेक, वय ९. बाबा ७२ वर्षांचे. गुडघे दुखतात, पण मध्ये मध्ये टेकायला मिळालं तर तास-सव्वा तास चालतात.

लेकीला शाळेतल्या मैत्रिणीनं सांगितलंय की तिथे रात्री भुतांच्या गोष्टी सांगत गावभर फिरवतात. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आईही एका पायावर तयार आहे. तिचं आजोळ मालवणकडचं, देवचाराच्या आणि मुंजाच्या गोष्टी ऐकतच ती मोठी झाली. मी मात्र नेटवर शोधून दमले. चालत, ट्रॉलीतून, छप्पर काढलेल्या शववाहिनीतून, पबमागून पब करत... सगळ्यांना पाच तारे आणि प्रत्येकाचं म्हणणं आमचीच फेरी अस्सल.

कुणी केलीय का? बाबांना झेपावी, लेकीला रात्री झोप लागावी आणि दीड-दोन तास नुसत्या किंकाळ्या ऐकाव्या लागू नयेत, एवढंच मागणं आहे.

मुक्काम पोस्ट जॉर्जिया

आम्ही आतापर्यंत तीनदा गेलोय आणि चार वेगवेगळ्या फेऱ्या केल्यात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी वेळ. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. सहा-साडेसहाची फेरी घेतलीत तरी पूर्ण काळोख मिळतो आणि लेक साडेआठपर्यंत खोलीवर परत येते. नऊनंतरच्या फेऱ्या बहुतेक मोठ्या माणसांसाठी असतात. जुन्या शहराच्या भागात १६ औंसांपर्यंतच्या प्लॅस्टिकच्या पेल्यात दारू घेऊन रस्त्यावर फिरायला मुभा आहे, त्यामुळे उशिराच्या फेऱ्यांत निम्मी मंडळी पेला हातात घेऊनच येतात. मुलीला घेऊन तिथे जाऊ नका.

बाबांची काळजी नको. गाव सपाट आहे. ऑगलथॉर्पनं १७३३ मध्ये वसाहत वसवली ती चौकांच्या आखणीवर. एकूण २४ चौक झाले, त्यातले २२ आजही आहेत. दोन-तीन मिनिटं चाललं की पुढचा चौक येतो. ओकची मोठाली झाडं, त्यांवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस आणि खाली बाक. गाईड गोष्ट सांगायला थांबतो तोही चौकातच, तेवढ्यात बाबांना बसता येईल. फक्त फेरीचा रस्ता रिव्हर स्ट्रीटला उतरत असेल तर ती टाळा. तिथल्या पायऱ्या खूप उंच आहेत आणि खाली जहाजांच्या तळात वजनाला भरून आणलेल्या दगडांची फरसबंदी आहे. माझ्या आईचा पाय तिथे मुरगळला होता. बाकीकडेही मुळांनी पदपथाच्या विटा वर उचलल्यात, तेव्हा प्रत्येकाच्या खिशात बॅटरी हवी.

कोलोनियल पार्क दफनभूमी जवळजवळ सगळ्या फेऱ्यांत असते. १७५० ते १८५३ या काळात वापरात होती, नऊ हजारांहून जास्त माणसं तिथे पुरलेली आहेत. १८२० च्या पीतज्वराच्या साथीत गेलेले जवळपास ७०० जण त्यांतलेच. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा बटन ग्विनेट १७७७ मध्ये द्वंद्वयुद्धात जखमी होऊन मेला, त्याचं स्मारक तिथे आहे आणि ज्याच्या गोळीनं तो मेला त्या मॅकिंटॉशची कबरही त्याच आवारात. पण रात्री फाटक बंद असतं. फेऱ्या कुंपणाबाहेर उभ्या राहतात. 'आम्ही आत नेतो' असं कुणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. आत जायचं तर दिवसा जा, फुकट आहे.

आता गाईड. पूर्वी तिथे गाईड व्हायला इतिहासाची परीक्षा देऊन शहराचा परवाना घ्यावा लागायचा. काही गाईड मंडळी भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर कोर्टात गेली आणि २०१५ मध्ये शहरानं ती अट काढली. आज कुणीही कंदील घेऊन उभा राहू शकतो. म्हणून मी पैसे भरण्याआधी चार प्रश्न लिहून पाठवतो: रस्ता कुठून जातो, एका गटात माणसं किती, मुलांना चालेल का आणि गोष्टी कुठून घेतल्यात. चौथ्याचं उत्तर जो नीट देतो त्याच्याकडे जायचं. 'भुताला विचारा' असं उत्तर आलं तर दुसरीकडे.

चालणं अगदीच नको झालं तर ओल्ड टाउन ट्रॉलीची रात्रीची 'घोस्ट्स अँड ग्रेव्हस्टोन्स' फेरी आहे, बसून होते. चालण्यातली मजा नाही, पण पर्याय हाताशी असू द्या. दिवसा फिरायला 'डॉट' नावाची शहराची फुकट बस आहे.

भाकरतुकडा

अंगभर कपडे आणि पायमोजे घाला. चिलटं फार चावतात, तिथल्या बेसबॉल संघाचं नावच कित्येक वर्षं सँड नॅट्स होतं. आणि खाली पडलेलं मॉस लेकीला उचलू देऊ नका, त्यात बारीक लाल किडे असतात. आमच्या मुलानं गळ्यात माळ करून घातली आणि आठवडाभर खाजवत बसला.

कोकणकडा

आमचा अनुभव वाईट होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकानं हेच चालतं.

एका हवेलीसमोर गाईडनं गोष्ट सांगितली. मालक, मालकीण आणि घरातली गुलाम मुलगी, तिचा शेवट कसा झाला वगैरे. पोटात कालवलं इतकं रंगवून सांगितलं. गटात लोक हसत होते. माझी मुलगी तेव्हा ११ वर्षांची. तिनं हात वर करून विचारलं, 'तिचं आडनाव काय होतं? तिची आई कुठे होती?' गाईड म्हणाला, ते कुणालाच माहीत नाही, आणि पुढे चालू लागला.

घरी येऊन मी शोधलं. मॅडिसन चौकातल्या सॉरेल-वीड हवेलीशी अशी एक गोष्ट जोडलेली आहे. मालकीण मटिल्डा सॉरेल १८६० मध्ये गेली हे खरं. पण गोष्टीतल्या त्या गुलाम मुलीचा कागदोपत्री कुठेच पुरावा सापडत नाही. संशोधकांनी मुद्दाम शोधून पाहिलं आहे. मग मला जास्तच वाईट वाटलं. त्या शहरात अशी हजारो खरी माणसं होऊन गेली. त्यांना सोडून एक खोटी मुलगी उभी करायची आणि तिच्या हालांवर तिकीट लावायचं?

तुमची लेक नऊ वर्षांची आहे. फेरीत गुलामगिरीच्या गोष्टी कशा सांगतात ते आधी विचारून घ्या.

सातारी कंदी

कोकणकडा, तुमचं दुःख समजतं. पण भुताच्या गोष्टीला पुरावा मागायला लागलो तर गोष्टच उरणार नाही. शनिवारवाड्यात 'काका मला वाचवा' ऐकू येतं म्हणतात, आपण पोरांना सांगतोच ना? आम्ही हिवाळ्यात सगळे चुलत-मावस मिळून चौदाजण गेलो होतो. अंधार, झाडांतून वारा, गाईडचा घोगरा आवाज, धाकटी पोरं अंगाला चिकटलेली. ती संध्याकाळ अजून सगळ्यांना आठवते. घाबरण्यात एक सुख असतं, ते मुलांना मिळू दे.

कोकणकडा

सातारी कंदी, घाबरण्याला माझा विरोध नाही, मीही गोष्टींवरच वाढलेय. पण शनिवारवाड्याचंच बघा. १७७३ मध्ये नारायणराव मारला गेला हे खरं आहे. त्याचं नाव माहीत आहे, वय माहीत आहे, गारद्यांची नावं माहीत आहेत, रामशास्त्र्यांनी कुणाला दोषी धरलं तेही माहीत आहे. हाक ऐकू येते की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण हाक मारणारा होता. मला तेवढंच हवं आहे, माणूस खरा असावा.

सातारी कंदी

हे पटलं. असा विचार केला नव्हता.

निळं दार

खरी माणसं हवी असतील तर सॅव्हानात तोटा नाही.

राइट चौकात ॲलिस रायलीची गोष्ट सांगतात. आयर्लंडहून आलेली बांधील नोकर, मालक विल्यम वाइजच्या खुनासाठी १७३५ च्या जानेवारीत फाशी गेली. गरोदर होती म्हणून बाळंत होईपर्यंत थांबले आणि मग फाशी दिली. ती रात्री बाळ शोधत फिरते ही दंतकथा, बाकीचं सगळं घडलेलं आहे. तुमच्या लेकीसमोर ही नको असेल तर गाईडला आधी सांगून ठेवा.

त्याच चौकात तोमोचिचीलाही पुरलं होतं. यामाक्रॉ लोकांचा प्रमुख, त्यानं ऑगलथॉर्पला जागा दिली म्हणून हे शहर झालं. १७३९ मध्ये गेला तेव्हा भर चौकात सन्मानानं दफन केलं. पुढे १८८३ मध्ये त्याच जागी एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाचं स्मारक बांधलं. १८९९ मध्ये चौकाच्या कोपऱ्यात तोमोचिचीसाठी ग्रॅनाइटचा एक मोठा धोंडा आणून ठेवला. बाबांना तिथे नक्की न्या.

आणि एक गोष्ट दिवसाची आहे, पण रात्रीच्या फेरीआधी ती करा. ऑगलथॉर्प चौकात ओवेन्स-थॉमस हाउस म्हणून १८१९ ची हवेली आहे, टेलफेअर संग्रहालयाच्या ताब्यात. मागच्या अंगणात गुलामांच्या खोल्या आहेत. तिथे छताकडे बघा, फिकट निळा रंग दिसेल. त्याला 'हेंट ब्लू' म्हणतात. हेंट म्हणजे भूत. या किनाऱ्यावरच्या गल्ला-गीची लोकांची, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या वंशजांची समजूत अशी की हेंटाला पाणी ओलांडता येत नाही. छत, दार, खिडकीची चौकट निळी केली की त्याला वाटतं पुढे पाणी आहे. आपण दाराला लिंबू-मिरची बांधतो, तशी त्यांची ही सोय. ज्यांचं स्वतःचं काहीच नव्हतं त्यांनी डोक्यावरचं छत तरी राखलं. माझं हे नाव तिथूनच आलं.

मुक्काम पोस्ट जॉर्जिया

निळं दार, तुम्ही लिहिलंत म्हणून आणखी एक आठवलं. ॲबरकॉर्न स्ट्रीटवर ४३२ क्रमांकाचं एक घर आहे. जवळपास सगळ्या फेऱ्या तिथे थांबतात, बापानं मुलीला खिडकीशी बसवून मारलं वगैरे गोष्ट सांगतात. त्या गोष्टीला आधार नाही आणि घर खासगी आहे. पण समोरचा चौक पाहा. गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या माणसांची दफनभूमी त्या भागात होती. नंतर तिच्यावर चौक आखला आणि गुलामगिरीचा कट्टर कैवारी कॅलहून याचं नाव दिलं. २०२३ मध्ये शहरानं ते बदलून सूझी किंग टेलर चौक केलं. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही सगळे बंद खिडकीकडे फोन रोखून उभे होतो. पायाखाली काय आहे हे गाईड बोललाच नाही.

सूझी १८४८ मध्ये गुलाम म्हणूनच जन्मली. आजीकडे सॅव्हानात राहून चोरून लिहायला-वाचायला शिकली. गुलामांना शिकवणं कायद्यानं गुन्हा होता, म्हणून पुस्तकं कागदात गुंडाळून न्यायची. चौदाव्या वर्षी स्वतः शिक्षिका झाली, यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीत परिचारिका झाली आणि युद्धानंतर सॅव्हानात परत येऊन शाळा काढली. रानजाई, नऊ वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखी गोष्ट ही आहे.

रानजाई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! चार प्रश्न पाच जणांना पाठवलेत. दोघांची उत्तरं आली. एकांनी लिहिलंय की ते फक्त नोंद असलेल्या माणसांबद्दल सांगतात आणि जिथे दंतकथा सुरू होते तिथे तसं बोलून दाखवतात. गट बाराचा. साडेसहाची जागा घेतली. आल्यावर कळवते.

रानजाई

आलो परत. लिहायला आठवडा गेला, माफ करा.

गाईड निवृत्त शिक्षिका होत्या. हातात खरंच कंदील. सहा चौक, दीड तास, बाबा प्रत्येक ठिकाणी बसले. दफनभूमीच्या कुंपणाशी त्यांनी पीतज्वराचं सांगितलं. लोकांना तेव्हा वाटायचं दलदलीच्या दूषित हवेनं होतो, म्हणून खिडक्या लावून बसायचे. डासांमुळे पसरतो हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडलं. लेक एवढंच म्हणाली, 'म्हणजे त्यांना कळलंच नाही कशानं मेले?' तिथे आम्ही थोडा वेळ गप्प उभे राहिलो. कुणी ओरडलं नाही, कुणी मागून येऊन दचकवलं नाही, तरी अंगावर काटा आला.

४३२ समोर बाईंनी आम्हाला घराकडे पाठ करून चौकाकडे तोंड करायला लावलं आणि सूझीची गोष्ट सांगितली. कोकणकडा, मला तुमच्या मुलीची आठवण झाली.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी एकटेच उठून राइट चौकात त्या धोंड्यापाशी जाऊन आले. आईला ओवेन्स-थॉमसमधून बाहेर काढायला वेळ लागला. मान वर करून छत बघत उभी होती, मग म्हणाली, आजोळच्या माजघराची भिंतही अशीच निळी होती, नीळ घातलेल्या चुन्याची. ते कशासाठी करायचे हे विचारायला आता तिथे कुणी राहिलं नाही.

लेक शांत झोपली. सध्या शाळेची वही वर्तमानपत्रात गुंडाळून नेते.

सातारी कंदी, पुढच्या वेळी चौदाजण जाल तेव्हा मला विचारा, त्या बाईंचा पत्ता निरोपातून देते. मोठ्या गटासाठी त्या वेगळी फेरी काढतात, पण महिनाभर आधी सांगावं लागतं.