विमानतळ, एअरस्ट्रिप, एरोड्रोम, हेलिपॅड: नेमका फरक काय?

पांदणरस्ता यांचा प्रश्न:

आमच्या तालुक्याला लागून एक जुनी धावपट्टी आहे. पेपरात तिला कधी विमानतळ म्हणतात, कधी हवाईपट्टी, सरकारी कागदात एरोड्रोम, आणि पुढाऱ्यांच्या भाषणात तर थेट आंतरराष्ट्रीय विमानतळ. नाव बदललं की लोकांना वाटतं आता विमान येते. या शब्दांचे नेमके अर्थ काय? आणि अशा पट्टीवर कोणतं विमान उतरू शकेल, हे उपग्रहाच्या फोटोवरून घरबसल्या काही कळते काय?

---

मोजमाप:

भाऊ, कायद्याच्या भाषेत सर्वांत मोठं छत्र म्हणजे एरोड्रोम. विमान उतरण्या-उडण्यासाठी ठरवलेली कोणतीही जागा, जमिनीवरची असो की पाण्यावरची, त्यावरच्या इमारती-शेडसह, म्हणजे एरोड्रोम. बाकीचे सगळे त्याचेच प्रकार.

भारतीय विमानतळ प्राधिकरण अधिनियम, १९९४ मध्ये विमानतळ म्हणजे उतरण्या-उडण्याची अशी जागा जिथे सहसा धावपट्टीसोबत विमानांच्या देखभालीची आणि प्रवाशांची सोय असते. त्याच कायद्यात एअरस्ट्रिपची व्याख्या वेगळी आहे: कमी अंतरात उतरू-उडू शकणाऱ्या विमानांसाठीची जागा. पेपरातली 'हवाईपट्टी' म्हणजे हीच. एअरफील्ड हा शब्द बोलण्यातला आहे, बहुतेक लष्करी किंवा प्रशिक्षणाच्या मैदानासाठी वापरतात. सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणजे सैन्यदलाच्या तळावर नागरी प्रवाशांसाठी दिलेला तुकडा. पुण्याचं लोहगाव हे त्याचं उदाहरण.

'आंतरराष्ट्रीय' हा शब्द धावपट्टीच्या लांबीवर ठरत नाही. परदेशातून आलेल्या माणसाचा पासपोर्ट आणि सामान तपासायला इमिग्रेशन, कस्टम्स लागतात, आणि तशी सरकारी घोषणा लागते. विदर्भात तसा एकच, नागपूरचा. ग्रीनफील्ड म्हणजे कोऱ्या जमिनीवर नवा बांधलेला, ब्राउनफील्ड म्हणजे जुन्याचा विस्तार. २००८ च्या धोरणानुसार चालू नागरी विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत ग्रीनफील्ड हवा असेल तर केंद्राकडे वेगळी छाननी होते.

पण या सगळ्या नावांपेक्षा एकच प्रश्न विचारा: डीजीसीएचा (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या खात्याचा) परवाना आहे काय, आणि असला तर सार्वजनिक वापराचा की खासगी वापराचा? नियमित प्रवासी सेवा परवान्याशिवाय होत नाही. खासगी वापराच्या परवान्यावर मालक आणि त्यानं परवानगी दिलेलेच उतरतात. कोड असणं म्हणजे विमान असणं नव्हे. अकोल्याच्या शिवणी विमानतळाला एकेडी आणि व्हीएएके असे ओळखीचे दोन्ही आंतरराष्ट्रीय कोड आहेत, तरी नियमित प्रवासी विमान वर्षानुवर्षं नव्हतं.

---

धावपट्टी_चौदा_बत्तीस:

फोटोवरून बरंच कळते. पट्टीच्या टोकाला मोठे आकडे असतात. ती दिशा आहे, अंशातला शेवटचा शून्य काढून. नागपूरला १४ आणि ३२ आहे, म्हणजे सुमारे १४० आणि ३२० अंश. दोन्ही टोकांत नेहमी १८ चा फरक.

आकड्यामागचे लांब पांढरे पट्टे मोजा. ते रुंदी सांगतात: १८ मीटरला ४, २३ मीटरला ६, ३० मीटरला ८, ४५ मीटरला १२. एटीआरला (छोट्या मार्गांवरचं पंख्याचं प्रवासी विमान) ३० मीटर चालते, एअरबस ए-३२० या मोठ्या जेटला ४५ लागतात. टोकाआधी पांढरे बाण असले तर तिथून उडता येते पण उतरता येत नाही. पिवळे कोनाकार पट्टे असतील तर तो भाग कशालाच नाही. आणि पट्टीवर मोठी पांढरी फुली दिसली तर विषय संपला, ती बंद आहे.

मग पट्टीचा कोड काढा, म्हणजे ती केवढ्या विमानासाठी आहे ते सांगणारा आकडा आणि अक्षर. आकडा लांबीवरून: ८०० मीटरच्या आत १, १२०० च्या आत २, १८०० च्या आत ३, त्यापुढे ४. अक्षर पंखांच्या विस्तारावरून: १५ मीटरच्या आत ए, २४ च्या आत बी, ३६ च्या आत सी. एटीआर-७२ चे पंख २७ मीटर म्हणून ३सी, ए-३२० म्हणजे ४सी.

---

मोजमाप:

एक दुरुस्ती. कोडमधला आकडा पट्टीची प्रत्यक्ष लांबी नसतो. तो विमानाला लागणाऱ्या लांबीचा असतो, तोही समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, वारा नाही, उतार नाही असं धरून. आपल्या इथं या चारातलं पहिलं गृहीतक उंचीमुळे जाते आणि दुसरं मेच्या उन्हात वाहून जाते.

हिशेब असा. दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के वाढवायचे. मग त्या उंचीला गृहीत धरलेल्या (प्रमाण) तापमानापेक्षा जितके अंश जास्त, तितके टक्के. एटीआर-७२ ला पूर्ण वजनात सुमारे १३०० मीटर लागतात. विदर्भात उंची ३०० मीटर धरा: १३०० × १.०७ = १३९१. तिथलं प्रमाण तापमान १३ अंश. सर्वांत उष्ण महिन्याचं सरासरी कमाल ४२ धरलं तर फरक २९: १३९१ × १.२९ = सुमारे १७९४ मीटर. वरून उतार असेल तर दर एक टक्का उताराला आणखी १० टक्के. उंची आणि तापमान मिळून वाढ ३५ टक्क्यांपुढे गेली तर नुसतं सूत्र चालत नाही, त्या जागेचा वेगळा अभ्यास लागतो. इथं ती ३८ टक्के येते.

म्हणूनच अमरावतीच्या बेलोऱ्याची पट्टी १८५० मीटरची केली. तिथून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं पहिलं विमान सुटलं, एटीआरच. गोंदियाच्या बिरसीला २३०० मीटर आहेत. १४०० मीटरच्या पट्टीवर एटीआर 'उतरते' हे खरं, पण मेच्या दुपारी भरल्या विमानानं उडणं वेगळं. मग सीटा रिकाम्या ठेवाव्या लागतात किंवा उड्डाण सकाळी लावावं लागतं.

---

पांदणरस्ता:

समजा लांबी पुरेशी आहे. तरी विमान येत नाही ते काहून?

---

धावपट्टी_चौदा_बत्तीस:

पहिलं कारण पायाखालचं. काळी कापसाची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर थेट डांबर टाकलं की कडा आधी फुटतात, मग पाणी आत शिरून थर बसतो. वरचा थर काढून मुरूम भरणं किंवा माती चुन्यानं पक्की करणं आणि बाजूच्या नाल्या वाहत्या ठेवणं, हे आधी. धावपट्टीची ताकद पूर्वी पीसीएन आकड्यात सांगत, २८ नोव्हेंबर २०२४ पासून पीसीआर. प्रत्येक विमानालाही त्याच्या भाराचा असाच आकडा असतो. विमानाचा आकडा पट्टीच्या आकड्यापेक्षा मोठा असला तर लांबी कितीही असो, रोज उतरवता येत नाही.

दुसरं अग्निशमन. विमानाची लांबी आणि धडाची रुंदी यांवरून अग्निशमनाची श्रेणी ठरते. एटीआर-७२ ला श्रेणी ५, ए-३२० ला ६. पाचपर्यंत एक बंब चालतो, सहाला दोन. धोक्याचा इशारा मिळाल्यापासून तीन मिनिटांत बंब पट्टीच्या कोणत्याही टोकाला पोचला पाहिजे, उद्दिष्ट दोनचं. नुसता बंब आणून उभा केला आणि शिकलेली माणसं, पाणी-फोमचा साठा नसला तर परवाना मिळत नाही.

तिसरं टोकापुढची जागा. पट्टीपुढे ६० मीटर सपाट आणि त्यापुढे किमान ९० मीटर सुरक्षा क्षेत्र, शिफारस २४० ची. नकाशात पट्टी १८०० मीटर दिसते आणि टोकालाच सडक किंवा नाला असतो. मग टोक आत सरकवावं लागते, उतरायची लांबी घटते. जमिनीचे बहुतेक वाद इथंच अडतात.

आणि कुंपण. जुन्या पट्ट्यांवर सोयाबीन वाळत घातलेलं असते, गुरं बसतात, रात्री रोही (नीलगायी) आणि डुकरं. एक खडा पंख्याला पुरतो. रोही तर साध्या काटेरी तारेला जुमानत नाही, उंच जाळी किंवा भिंतच लागते.

---

पऱ्हाटी:

वरच्यात एक भर: व्हीएफआर म्हणजे डोळ्यांनी पाहून उडणं, त्याला साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता लागते आणि सूर्यास्तानंतर २० मिनिटांपलीकडे चालत नाही. त्यापलीकडे यंत्रांच्या आधारानं उडावं लागते, त्यामुळे 'नाईट लँडिंग' म्हणजे फक्त दिवे बसवणं नाही. हिवाळ्यात धुक्यामुळे सकाळचं विमान रद्द होते तेही यामुळेच.

पट्टीजवळच्या शेतकऱ्यांसाठी: चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ड्रोनला २०० फुटांपर्यंत हिरवा झोन (आधी परवानगी न लागणारा), १२ च्या पुढे ४०० फुटांपर्यंत. ८ च्या आत फवारणी करायची असेल तर उंची दोन मीटर असली तरी आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशात झोन पाहा. नियम 'चालू' विमानतळासाठी आहे, पण पडीक पट्टी नकाशात कशी दाखवली ते तपासल्याशिवाय ड्रोन उडवू नका. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून (त्याची जागा सांगण्यासाठी ठरवलेला बिंदू) १० किलोमीटरमध्ये उघड्यावर जनावर सोलणं आणि पक्षी येतील असा कचरा टाकणं याला मनाई आहे. घारी-गिधाडं आणि इंजिन यांचं जमत नाही.

हेलिपॅड राहिलं. तालुक्याला पाहुणे येतात तेव्हा मैदानावर फक्कीनं वर्तुळ आणि एच काढतात, ते तात्पुरतं हेलिपॅड. हेलिपोर्टला इमारत, इंधन, पार्किंग असते. तात्पुरत्यावर चूक एकच होते: मुरूम कोरडा ठेवतात. आदल्या संध्याकाळी आणि उतरण्याआधी पाणी मारा, पण चिखल होईल इतकं नको. नाहीतर पंख्याच्या हवेनं धुळीचा लोट उठतो आणि शेवटच्या काही फुटांत पायलटला जमीन दिसत नाही. मंडपाचं कापड, पॉलिथिन, रिकाम्या बाटल्या आधी उचला. वर विजेची तार असेल तर जागाच बदला.

---

पांदणरस्ता:

पट्टे मोजले. दोन्ही टोकांना आठ-आठ, लांबी साडेतेराशे, उत्तरेच्या टोकापासून सडक चाळीस मीटरवर.

---

मोजमाप:

मग ३० मीटर रुंद एअरस्ट्रिप समजा. प्रशिक्षणाची आणि छोटी चार्टर विमानं येतील. उत्तरेचं टोक आत सरकवल्यावर उतरायला साडेतेराशेपेक्षा कमी उरेल, तेवढं धरूनच पुढचं बोला.