मदत हवी आहे: लेझरचा ठिपका एकीकडे, गोळी दुसरीकडे

टेक्ससमध्ये आहे. .३०८ बोल्ट अ‍ॅक्शन रायफलवर नवा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवलाय, पाव एमओए क्लिकचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग; एका क्लिकला नेम त्याच्या पावभर सरकतो). काडतुसाच्या आकाराचा लेझर बोअरसायटर (नळीच्या रेषेत ठिपका टाकून स्कोप जुळवायचं साधन) चेंबरमध्ये घालून २५ यार्डांवर ठिपका आणि क्रॉसहेअर जुळवले. लेझर काढला (हो, आठवणीने!) आणि तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एकमेकींना चिकटून, पण चार इंच डावीकडे. म्हणजे साठेक क्लिक! माउंटचे स्क्रू तपासले, घट्ट आहेत. मग लेझर चेंबरमध्येच थोडा थोडा फिरवला, तर ठिपका टार्गेटवर गोल फिरतो. लेझरच तिरका दिसतोय. बदलून मिळणार नाही, आणि खोक्यात १७च गोळ्या उरल्यात. आता त्या वर्तुळाचा मध्य धरून स्कोप जुळवू, की लेझर ठेवून देऊन, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून नळीतूनच डोळ्याने जुळवू?